मूळ प्रती

सुशांत पाटकर पेढे घेऊन आला तेव्हाच योगिनी गोगटेने ओळखलं, की याचं काहीतरी अडलंय. कल्याणच्या कॉलेजात ती अठ्ठावीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवत होती, आता उपप्राचार्य झाली होती, आणि एवढ्या काळात एक गोष्ट ती पक्की शिकली होती. पास झालेला विद्यार्थी पेढे घेऊन येत नाही, काम असलेला येतो. हा तर दगडांची नावं पाठ होत नाहीत म्हणून तोंडी परीक्षेत रडलेला मुलगा. तोच आता ठाण्यात, माजिवड्याच्या पुढे घोडबंदर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या एका नव्या खाजगी विद्यापीठात विभागप्रमुख झाला होता.

त्याने चहा होईपर्यंत धीर धरला आणि मग भडाभडा बोलला. त्यांच्याकडे ऊर्जा भूविज्ञान नावाचा विभाग काढायचा होता, म्हणजे जमिनीच्या पोटातली उष्णता वर आणून तिची वीज कशी करायची वगैरे शिकवणारा. इमारत झाली, यंत्रं आली, पण वरिष्ठ प्राध्यापकाची जागा भरल्याशिवाय अभ्यासक्रमाला मंजुरी नव्हती आणि ती जागा दोन वर्षं रिकामी होती. तीनदा जाहिरात दिली. एकाला आठवड्यातून दोनच दिवस यायचं होतं. दुसऱ्याने विद्येचं एक अक्षर न काढता आधी खाडी दिसेल असं घर मागितलं. तिसरा मुलाखतीला आला आणि झोपला.

मग सुशांतने पिशवीतून एका जुन्या शोधनिबंधाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. तानसाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांवरचा निबंध होता. खाली दोन नावं होती, रवींद्र शेलार आणि योगिनी गोगटे.

"मॅडम, हे शेलार सर म्हणजे तेच ना, नॉर्वेवाले?" सुशांतने विचारलं. "आम्ही चार मेल टाकल्या त्यांना. एकाचंही उत्तर नाही. तुम्ही एकदा बोलून बघाल का?"

योगिनीने झेरॉक्स हातात घेतली, चष्मा शोधला, आणि चष्मा डोळ्यांवरच आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला.

दोन वर्षं ती दोघं त्या भागात हिंडली होती. खडवलीला उतरायचं, मिळेल त्या जीपने पुढे जायचं, आणि कुंडांत, विहिरींत, बोअरिंगमध्ये दोरीला बांधून तापमापक सोडायचा. एक जण दोरी धरणार, दुसरा आकडे लिहून घेणार. दोरी रवींद्र धरायचा, कारण योगिनीचं अक्षर चांगलं होतं. लग्नाचं दोघांत कधी उघड बोलणं झालं नाही. पण दोघांच्याही घरचे गप्प बसायला लागले होते, आणि आपल्याकडे घरचे गप्प बसले की निम्मं लग्न ठरलेलंच असतं.

तेवढ्यात त्याला नॉर्वेची तीन महिन्यांची पाठ्यवृत्ती मिळाली. त्याच सुमाराला कल्याणच्या कॉलेजात अधिव्याख्यात्यांच्या दोन जागा निघाल्या आणि दोघांनी अर्ज भरले. छाननीच्या दिवशी मूळ प्रती दाखवाव्या लागणार होत्या आणि तोवर तो तिकडे असणार होता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्याने आपली खाकी फाइल तिच्या हातात दिली. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, सगळं त्यात होतं. "तीन महिन्यांत येतो, तोवर ठेव," एवढंच म्हणाला.

आता ज्यांना आपल्या लोकांची रीत माहीत नाही त्यांना यात काही वाटणार नाही. पण योगिनी ज्या घरात वाढली तिथे मूळ प्रती देवाच्या मूर्तीखालोखाल जपल्या जात. पूर आला तर आधी कागद वर ठेवा, मग धान्य. तिचे वडील बँकेत होते आणि त्यांनी जन्मभर कुणालाही झेरॉक्सखेरीज काही दिलं नव्हतं. माणूस छत्री विसरेल, चप्पल विसरेल, बायकोला जत्रेत विसरेल, पण मूळ कागद मागे ठेवून कुणी कायमचं जात नाही. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, ते तिच्या अंगातच होतं. आणि त्याच्यावरच ती विसंबून राहिली.

तिला नोकरी लागली. त्याची जागा कॉलेजने दोन सत्रं राखून ठेवली आणि मग दुसऱ्याला दिली. त्याची पत्रं आठ-नऊ महिने आली, मग नुसती नववर्षाची कार्डं, मग तीही थांबली. ती मानी होती, तिने 'कधी येतोस' असं एकदाही विचारलं नाही. स्थळं आली ती पहिली चार वर्षं तिने नाकारली, नंतर आईचं आजारपण आलं, आणि त्यानंतर कुणी विचारलंच नाही. फाइल मात्र लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात होती. दर दिवाळीच्या साफसफाईत ती फाइल उन्हाला ठेवायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि पुन्हा आत ठेवायची. आई विचारायची, त्याची म्हणून सांभाळतेस तर पोस्टाने धाडून का देत नाहीस. योगिनी म्हणायची, पोस्टात गहाळ होईल. खरं कारण असं होतं, की धाडली असती तर त्याला परत यायचं निमित्तच उरलं नसतं.

सुशांत गेल्यावर त्याने दिलेल्या मेलच्या पत्त्यावर तिने पत्र लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. शेवटी जागेची माहिती, विभागाची माहिती आणि खाली "तुझी इच्छा असेल तर" एवढंच लिहून पाठवून दिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. "जागा खरी असेल तर येईन. मला परत यायचंय, योगिनी." ते वाचून ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभीच राहिली. शिपाई दोनदा घंटा देऊन गेला तरी ती वर्गावर गेली नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

अर्ज भरला गेला आणि मग आपली कागदपत्रं सुरू झाली. ज्याच्या नावाने युरोपात दोन प्रयोगशाळा चालतात त्याला विद्यापीठाने दहावीचं गुणपत्रक मागितलं. सुशांत कपाळाला हात लावून हसला, पण छाननी विभागाचे दौलत भोईर हसणाऱ्यांतले नव्हते. भोईर मूळचे खारेगावचे, निवृत्तीला वर्ष राहिलेले. सरकारी नोकरी करून इथे आले होते आणि येताना सरकार सोबत घेऊन आले होते. त्यांनी योगिनीला फोन केला, कारण अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून तिचं नाव होतं. शेलार साहेबांनी दुय्यम प्रती जोडल्यात, मूळ प्रतींबद्दल काही माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

आणि इथेच योगिनी चुकली. आनंदाने चुकली. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायची संधी आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो काळजी करू नका. मूळ प्रती सगळ्या माझ्याकडे आहेत. अगदी जपून ठेवल्यात."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग भोईर म्हणाले, सोमवारी येऊन जा मॅडम, समक्ष बोलू.

सोमवारी ती डोंबिवलीच्या घरून ठाण्याला गेली. खोपटला बस बदलली. फाइल कापडी पिशवीत होती आणि पिशवी मांडीवर. रवींद्र त्याच दिवशी सकाळी उतरला होता, विद्यापीठाच्या गेस्ट हाउसमध्ये झोपला होता, आणि मंगळवारी तो तिच्याकडे जेवायला येणार होता. त्यासाठी रविवारीच तिने वाल भिजत घातले होते. बसमध्ये तिच्या मनात तेच चाललं होतं. मोड नीट येतील ना, त्याला बिरडं आवडायचं ते अजून आवडत असेल ना. पंचावन्नाव्या वर्षी बाईने असले विचार करू नयेत असं म्हणणारे लोक असतात. त्यांनी कधी कुणाची वाट पाहिलेली नसते.

भोईरांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. दुय्यम प्रतींसोबत जोडलेलं प्रतिज्ञापत्र होतं. मी, रवींद्र पांडुरंग शेलार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो, की माझी खालील मूळ कागदपत्रे कल्याण ते डोंबिवली प्रवासात गहाळ झाली असून कसून शोध घेऊनही सापडलेली नाहीत. खाली सही होती आणि तहसीलदाराचा शिक्का. सहीखाली तारीख होती, बारा फेब्रुवारी एकोणीसशे नव्व्याण्णव. आणि तारखेच्या वर ठिकाण होतं, कल्याण.

"म्हणजे हे पोस्टाने..." योगिनीने विचारलं.

"नाय मॅडम. समक्ष हजर राहिल्याशिवाय तहसीलदार शिक्का मारत नाय. माणूस समोर लागतो."

ती त्या शिक्क्याकडे बघत राहिली. ते तहसील कार्यालय तिच्या कॉलेजच्या वाटेवर होतं. फेब्रुवारीत सकाळचं कॉलेज असायचं, ती साडेबाराला त्या फाटकावरून जायची. तो इथे आला होता. आला, रांगेत उभा राहिला, कागद हरवले म्हणून सही केली आणि परत गेला. आणि ती त्या वर्षीच्या दिवाळीतही फाइलला ऊन दाखवत होती. दुःखापेक्षा आधी तिला लाज वाटली, भोईरांसमोर, त्या कापडी पिशवीची.

भोईरांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत बोलायला लागले. आवाज त्यांनी खाली आणला होता. मूळ प्रती तुमच्याकडे आहेत असं तुम्ही फोनवर बोललात, म्हणाले, आणि मी सवयीने ते टिपून ठेवलं, तारीख-वेळ घालून. आता तुम्ही त्या आणल्यात तर हे प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय, खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द. मला शेरा मारावा लागेल, आणि शेरा मारला की साहेब कितीही मोठे असोत, बुधवारची मुलाखत होणार नाही.

"आनि नाय आणल्या तर?"

भोईरांचं बोलणं ऐकता ऐकता तिच्या तोंडीही त्यांचीच बोली आली होती, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"तर मंग तुमची आठवण चुकली असं होईल. तसं लिहून द्यावं लागेल तुमाला, तुमच्या हातानं." ते पिशवीकडे बघायचं टाळत होते. "घाई नका करू. बुधवारी दहाला मुलाखत हाय. तवर नीट आठवून बघा."

घरी येऊन ती वाल सोलायला बसली. मोडांना काही तुमच्या मनाचं सोयरसुतक नसतं, ते छान आले होते. एकेक वाल चिमटीत दाबायचा, साल वेगळी, डाळिंबी वेगळी. परातभर वाल सोलून होईपर्यंत ती त्याच्यावर मनातल्या मनात इतकी चिडली, की दुसऱ्या दिवशी त्याला दारातूनच परत पाठवायचं तिने चारदा ठरवलं. आणि तो खरंच परत गेला तर, या विचाराने चारही वेळा ते मोडलं.

रवींद्र मंगळवारी बरोबर साडेबाराला आला. केस सगळे पांढरे, पाठीत जरा वाकलेला, पण जिना चढून आल्यावर कठड्यावर हात ठेवून उभं राहायची ढब तीच. त्याने बिरडं दोनदा मागून घेतलं. तिकडच्या गोष्टी सांगितल्या. मार्गिट नावाच्या बाईशी लग्न झालं होतं, नऊ वर्षांपूर्वी ती दोघं वेगळी झाली, मूल नाही. भाताचा घास हातात धरून तो म्हणाला, की तिथे दोन-दोन किलोमीटर खोल भोकं पाडली, पण हात घातला तर आत गरम लागतं असं पाणी पुन्हा कुठे मिळालं नाही. ते तो मनापासून बोलत होता. योगिनीला ते कळत होतं आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

ताक वाढताना तिने विचारलं, "नव्व्याण्णव साली कल्याणला आला होतास?"

त्याने वाटी खाली ठेवली. टाळाटाळ केली नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"वडील गेले तेव्हा. अकरा दिवस होतो."

"मला कळवलं असतंस तर आले असते मी."

"म्हणूनच नाही कळवलं." तो पानाकडे बघत बोलत होता. "मार्गिटशी ठरलं होतं तेव्हा. तिकडे नोकरी लागत होती, त्यांना मूळ कागद हवे होते. ते तुझ्याकडे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, योगिनी. दोन वेळा रिक्षाही केली मी डोंबिवलीची. पण दार तूच उघडलं असतंस, आणि मग मला तुझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं. तहसीलदाराला खोटं सांगणं सोपं गेलं."

स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली. तो यावा असं तिला आताही वाटत होतं. हे ऐकल्यावरही, इतकं सगळं कळल्यावरही. त्याने इथे यावं, ठाण्याला राहावं, कधीतरी रविवारी तानसाकाठी जाऊन दोरी सोडावी आणि आकडे तिने लिहावेत. तिचा स्वाभिमान कुठे गेला होता कोण जाणे, पण ओढ जागच्या जागी होती.

बाहेर आली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "अजून आहेत का गं ते कागद?"

"ताक पी आधी," योगिनी म्हणाली, आणि विषय बदलला. शेरा, प्रतिज्ञापत्र, भोईर, यातलं अवाक्षर तिने त्याला सांगितलं नाही.

बुधवारी ती साडेनऊला विद्यापीठात पोचली. हात रिकामे होते. सुशांत इकडून तिकडे धावत होता, त्याने तिला पाहून लांबूनच नमस्कार केला. वर समिती जमत होती. ती सरळ भोईरांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "माझी आठवण चुकली."

भोईरांनी मान हलवली. कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. हजेरीपटावर जिने कधी एक खोटी खूण केली नव्हती, कॉपी करणाऱ्या मुलाची गयावया कधी ऐकली नव्हती, ती योगिनी गोगटे मान खाली घालून श्रुतलेखन लिहीत होती. सदर कागदपत्रांबाबत मी दूरध्वनीवरून दिलेली माहिती गैरसमजातून दिली होती. सदर मूळ कागदपत्रे माझ्याकडे नाहीत.

"व कधीही नव्हती," भोईर म्हणाले.

तिचं पेन थांबलं. "ते लिहायलाच हवं का?"

"लिवावं लागंल मॅडम. नायतर उद्या कुणी इचारेल, मग मधली वरसं ती होती कुठं?"

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. सही केली, तारीख घातली. भोईरांनी कागद फाइलला लावला, लाल दोरी बांधली आणि फाइल वर पाठवून दिली. जाणाऱ्या फाइलकडे बघत ते म्हणाले, चहा घेऊन जा. तिने नको म्हटलं. त्यांनी तरीही मागवला आणि ती तो प्यालीही.

मुलाखत पाऊण तास चालली. सुशांत आधी बाहेर आला आणि त्याच्या तोंडावरूनच कळलं. निवड झाली होती, जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. तो तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, की मॅडम, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तिने त्याला सोड रे म्हटलं, लोक बघतायत म्हटलं. तिला हवं होतं ते झालं होतं. ती खूश होती. खरंच होती. फक्त रडू येईल असं वाटत होतं, म्हणून ती आवारातल्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली.

रवींद्र तिला शोधत तिथे आला. कोट काढून हातावर घेतला होता, घाम आला होता, आणि चेहरा पुष्कळ वर्षांपूर्वीचा दिसत होता. तो एक पायरी खाली उतरून उभा राहिला. मग म्हणाला, "काल तू उत्तर दिलं नाहीस. कागदांचं."

"नाहीत ते माझ्याकडे."

"नाहीत?"

"नाहीत."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली. तिने ते सगळं नीट पाहिलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मन खायचं मला. वाटायचं, ही ते अजून सांभाळत बसली असेल."

"छे," योगिनी म्हणाली. "इतकी वर्षं कोण ठेवतं."